कागद दाखवा, मग प्रार्थना

माझा नवरा म्हणतो, "तुया इश्वास एका देवावर, अन डाऊट बाकी साऱ्या दुनियेवर." त्याचं म्हणणं खोटं नाही. गॅसचं सिलिंडर आलं की मी ते दोन्ही हातांनी उचलून पाहते. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवते. माणसांचंही तसंच. कोणी फार गोड बोलायला लागलं की मला आधी त्याच्या मागं कोण उभं आहे ते पाहावंसं वाटतं. आणि अशा बाईनं काम कोणतं घ्यावं, तर गावोगाव पायी फिरून अनोळखी माणसांना येशूची सुवार्ता सांगायचं. आता बोला!

जे झालं ते सरळच सांगते. एका म्हाताऱ्याला मरायच्या आधी एक प्रार्थना ऐकायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं. आणि त्या प्रार्थनेला मी आडवी आले. मी, म्हणजे जिनं वीस वर्षं "या, ऐका" म्हणत चपला झिजवल्या तीच.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं, शेतीवालं, हिंदू. मी चाळिशीच्या आत विश्वासात आले, का आले ती गोष्ट वेगळी. अमरावतीत घरी ब्लाऊज शिवते आणि आठवड्यातून दोन दिवस मावशींबरोबर निघते. मावशी म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांच्याच मावशी. बालवाडीत शिकवायच्या, आता सत्तरी गाठली, गुडघे कुरकुरतात, पण चालायला माझ्या पुढं. एसटीनं जायचं, बाजाराच्या गावी उतरायचं, आणि मग पायी. हातात पत्रिका, पिशवीत पाण्याची बाटली आणि पोळीभाजी. कोणी पत्रिका घेतं, कोणी घेऊन त्यात शेंगदाणे बांधतं, कोणी तोंडावर फाडतं. "एका माणसामागं किती पैसे भेटतात तुमाले?" हा प्रश्न तर रोजचाच. मावशी हसून सांगायच्या, "गुडघेदुखी भेटते बाप्पा, पाहिजे काय?" मी मात्र विचारणाऱ्याच्या खिशाकडे पाहायची, मोबाईल बाहेर डोकावतो का म्हणून.

आधी मी इतकी वाईट नव्हते. अकोल्याला जे झालं त्यानं झाले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यात बस स्टँडजवळ एक माणूस भेटला. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले. बायको अंथरुणाला खिळली आहे, घरी येऊन प्रार्थना करा म्हणाला. आम्ही दोघी त्याच्या मागं गल्लीगल्लीनं गेलो. आत खाटेवर डोक्यापर्यंत पांघरूण घेतलेली बाई. आम्ही दोन्ही बाजूंना बसलो, पांघरुणावर हात ठेवले, डोळे मिटले. मी प्रार्थना करत होते आणि खाट हलायला लागली. मला वाटलं, देवा, हिला थंडी भरली. डोळे उघडले तर पांघरुणाखाली बाई नव्हती, चांगला मिशी फुटलेला पोट्टा होता, हसून हसून हलत होता. दारात पंधरा-वीस जण, सगळ्यांचे मोबाईल वर.

आम्ही धर्म बदलवतो म्हणून त्यांनीच पोलिसांना बोलावलं. मग ठाण्यात संध्याकाळपर्यंत. तिथल्या लोकांनी वाईट वागवलं नाही, चहासुद्धा पाजला, नावं-पत्ते लिहून घेतले आणि नवऱ्याला बोलावून आम्हाला सोडलं. पण तो व्हिडिओ सुटला तो सुटलाच. पोट्ट्यावर हात ठेवून डोळे मिटलेली मी, आणि वर गाणं लावलेलं. अंजनगावहून भावाचा फोन आला. "तोंड दाखवाले जागा ठेवली नाही तू," म्हणाला आणि ठेवला. अजूनही उचलत नाही. नवरा एवढंच म्हणाला, "आ बैल मुझे मार." त्या रात्री मी जेवले नाही. मावशी मात्र दुसऱ्या दिवशी सांगत होत्या, पोट्ट्याची तब्येत तरी चांगली होती म्हणून.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागले. मंडळीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि नियमच मांडला: दुखणाईत माणसाचा दवाखान्याचा कागद पाहिल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही, आणि कोणाच्या मोबाईलसमोर प्रार्थना म्हणायची नाही. पास्टरांना पटलं. सगळ्यांना पटलं. एकट्या मावशी म्हणाल्या, "येशूनं कोनाचा कागद पायला होता वं?"

"त्याच्या काळात मोबाईल नव्हते मावशी," मी म्हटलं. सगळे हसले आणि नियम झाला.

मागच्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, आम्ही नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात होतो. मावशी लिंबाखाली दगडावर बसल्या होत्या, मी पत्रिका वाटत होते. एक चाळिशीची बाई बराच वेळ भांडीवाल्याजवळ उभी राहून आमच्याकडे पाहत होती. भांडं एकही हातात घेतलं नाही. मला तेव्हाच खटकलं. वेचणीच्या दिवसांत गावात कुत्रं सापडत नाही, सगळी बाया-माणसं शेतात, आणि ही भर दुपारी बाजारात रिकाम्या हातानं काय करते? मग ती जवळ आली.

"ताई, तुमी येशूवाल्याच न?"

"हो. काय काम?"

"ते दुखणाईत मानसासाठी तुमी प्रार्थना म्हनता न, ते एकदा म्हनून दाखवा न."

म्हणून दाखवा! वीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. लोक म्हणतात, माझ्यासाठी करा, पोरासाठी करा. मी तिच्या हाताकडे पाहिलं. हात पदराखाली. पदर जरा सरकला आणि मला मोबाईलवर रेकॉर्डिंगचे आकडे पळताना दिसले. मी तिचं मनगट धरलं.

"काय भरून राहिली वं? कोनं पाठवलं तुले?" राग आला की माझी शहरी भाषा पळून जाते.

"कोनंच नाही जी!" ती घाबरली. "बाबासाठी भरून नेतो. बाबा खाटेवर हायेत माये. त्याईले ऐकाची हाये."

मग तिनं सांगितलं ते असं. त्यांचं गाव तिथून तीन किलोमीटर. बाबा आता थोड्या दिवसांचे. लहानपणी त्यांचा पाय मोडला होता तेव्हा ते कितीतरी दिवस मिशनच्या दवाखान्यात होते, एकटेच, कारण त्यांची आई मजुरीला जायची. तिथली एक नर्सबाई दिवेलागणीला एकेका खाटेपाशी थांबून प्रार्थना म्हणायची. इतक्या वर्षांत कधी त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. आता आठ दिवस झाले, एकच धोशा: त्या बाईची प्रार्थना कोणी म्हणा.

"आमी बौद्ध हाओ ताई. बाबा तं पक्के विहारवाले. धर्म-गिर्म काही बदलाचा नाही. मोहल्ल्यात समजलं तं म्हनतीन, बुढा शेवटी बाटला. म्हनून चोरून भरून नेत होती. कानाले वायर लावून ऐकवतो म्हटलं."

मावशी केव्हाच उठून पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या. "तीनच किलोमीटर त हाये. चाल."

मी त्यांचा हात धरला. त्या बाईला म्हटलं, "आधी ते पुसून टाक. माझ्यासमोर." तिनं पुसलं. मी तिच्या मोबाईलवर स्वतः बोट फिरवून पाहिलं, गेलं की नाही. मग विचारलं, "दवाखान्याचा कागद आहे का बाबांचा?"

"कागद?"

"कागद दाखवा, मग प्रार्थना. आमचा नियम आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, बरोबर, पकडली गेली. मला त्या क्षणी स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

पुढच्या बाजाराला ती आली. हातात प्लास्टिकची पिशवी, आत घडी घालून घालून मऊ झालेले कागद. मी लिंबाखाली बसून एकेक कागद उघडला. आयुष्यात मी सातवीपर्यंत शिकले, पण त्या दिवशी मोठ्या वकिलासारखी वाचत होते. फुप्फुसाचं काहीतरी लिहिलं होतं. खाली तारीख होती.

"हे दोन वर्षांमागचं आहे," मी म्हटलं. "आताचा कागद कुठं आहे?"

"आता डाक्टरनंच सांगतलं, घरी घेऊन जा. घरी धाडलेल्या मानसाचा कागद कोन देते जी?"

उत्तर नसलं की मी जास्तच कडक होते, स्वभाव! मावशी म्हणाल्या, "मी म्हनतो फोनात. भर वं बाई, चालू कर." मी मधे पडले. आवाज एकदा दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये गेला की गेला, लोक कापतात, जोडतात, वर गाणं लावतात. मी विसरले नव्हते. आणि खरं सांगू का, त्या बाईचा चेहरा मला खरा वाटत होता, म्हणूनच मी घाबरले होते. अकोल्याच्या त्या माणसाचा चेहराही असाच खरा वाटला होता.

"बाबांचा व्हिडिओ घेऊन या," मी म्हटलं. "मग बघू."

मावशी परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी त्यांना पोळी दिली तर म्हणाल्या, "ठेव, तुलेच लागन."

तिसऱ्या बाजाराला तिनं व्हिडिओ आणला. ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या पदराची सावली धरली. खाटेवर एक म्हातारा, डोळे मिटलेले, हनुवटीपर्यंत गोधडी. छाती वर-खाली होत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर. कोणी बोलत नव्हतं, नुसता श्वासाचा आवाज. मी ते दोनदा पाहिलं. आणि मला ती गोधडी दिसली. दुसरं काही दिसलंच नाही.

"पांघरूण काढून घ्यायचा होता."

"थंडी वाजते त्याईले," ती म्हणाली.

"मग बोलायला लावायचं होतं. नुसता निजलेला माणूस कोणीही असतो."

तिनं मोबाईल घेतला, पदरानं पुसला. मग म्हणाली, "पुढच्या बाजारापरेंत बाबा रायले तं आनतो बोलाले लावून." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजले असते, मला रागाची भाषा येते. ती वळली आणि गर्दीत गेली. मावशींनी मला फक्त एवढं विचारलं, "तुले आता अजून काय पायजे वं? बुढ्याचं अंगठ्याचं निशान?"

चौथ्या बाजाराला ती आली नाही. आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. मी मनाशी म्हटलं, पाहा, नाटक होतं, थकली आणि गेली. पण पत्रिका वाटताना माझं लक्ष भांडीवाल्याकडेच होतं. शेवटी मावशी दगडावरून उठल्या.

"मी चालली तिच्या गावी. तुले कागद पायजे असन तं बस अठीच."

त्यांना एकटं कसं सोडणार? मी मागं निघाले. रस्ता कच्चा, दोन्हीकडे पांढराफट कापूस आणि वेचणाऱ्या बायांच्या रांगा. एक मोटारसायकलवाला आमच्या बाजूनं गेला, थोड्या वेळानं परत आला, पुन्हा गेला. दाढीवाला, गळ्यात पंचा. मी मावशींना म्हटलं, पाहा, पाळत आहे. मावशी म्हणाल्या, "पायत असन तं पाहू दे, आपन काही सिनेमातल्या हाओ काय." तिसऱ्यांदा तो थांबलाच.

"कोनाच्या घरी जाता जी?"

"ब्लाऊजचं माप घ्यायला आलो," मी ठोकून दिलं. सुवार्ता सांगणारी बाई, आणि पहिला शब्द खोटा. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग गेला. मावशींनी कपाळाला हात लावला.

गावात विहाराजवळ निळा झेंडा होता. त्याच्या पुढच्या गल्लीत एका घरासमोर सतरंजी पसरलेली दिसली. वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी, त्या सतरंजीवर सात-आठ माणसं बसलेली. मला कळलं. मावशींनाही कळलं, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. आम्हाला मागं फिरता आलं असतं. मला फिरायचंच होतं, खोटं कशाला बोलू? पण ती दारात उभी होती आणि तिनं आम्हाला पाहिलं होतं.

मोटारसायकलवाला तिथंच बसला होता. तिचा चुलतभाऊ निघाला. पाव्हण्यांना आणायला-सोडायला त्याच्या दिवसभर चकरा चालल्या होत्या. "ह्या ब्लाऊजवाल्या काय?" त्यानं तिला विचारलं. सगळ्या सतरंजीनं माझ्याकडे पाहिलं.

आता त्या बाईनं एक खरा शब्द काढला असता तर आमचं अकोला झालं असतं. ती म्हणाली, "हाव. माया ओळखीच्या हायेत, बाजारातल्या. आत या ताई."

आत खाट नव्हती. जिथं खाट होती तिथली जमीन ताजी सारवलेली होती. तसबिरीपुढं मेणबत्ती, बाजूला म्हाताऱ्याचा पासपोर्टएवढा फोटो मोठा करून आणलेला, म्हणून पुसट. त्यात त्याचे डोळे उघडे होते. मी पहिल्यांदा ते डोळे पाहिले. सोमवारी गेले, ती म्हणाली. आम्हाला पाणी दिलं आणि मागच्या अंगणात घेऊन गेली, जिथून समोरच्या माणसांना ऐकू जाणार नव्हतं.

मला माफी मागायची होती. रडू येत होतं, आणि तिच्या घरी मी काय म्हणून रडायचं? मी एवढंच म्हणाले, "आपण आता म्हणू का? आत, फोटोसमोर?"

"नोको ताई. झालं ते."

"काय झालं?"

"रविवारी बाबा लयच कासावीस होते. सारखे दाराकडं पाहत. मी म्हटलं, त्या बाया येत नाहीत बाबा, त्याईचा इश्वास नाही बसला आपल्यावर. तं मले म्हनाले, मंग तूच म्हन. मी म्हटलं, बाबा, आमाले कुठी येते ते. आमी तं देवच मानत नाही. म्हने, म्हन वं, मी सांगतो. सुरवातीचं त्याईले आठवत होतं, दोन-चार शब्द. ते त्याईनं सांगतले, मी म्हटले. पुढचं काही आठवे ना. मंग मी माया मनानं लावलं."

मावशींनी विचारलं, "काय लावलं वं माय?"

ती जरा लाजली. हाताची बोटं एकमेकांत अडकवली, जशी तिनं रविवारी अडकवली असतील. हळू आवाजात म्हणाली, "म्हटलं, हा मानूस थकला हाये. लहानपनी याच्यापाशी कोनी नव्हतं तवा तू होता म्हनते हा. आता बी राह्यजो याच्यापाशी. मी सकाळपरेंत जागी हाओ, मंग तू पाह्यजो." मग अडकवलेली बोटं सोडवली. "अन मंग ते तुमी शेवटी म्हनता ते, आमेन. थे बाबानं सोता म्हटलं."

विहिरीवर कोणीतरी बादली सोडली. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या. ती माझ्याकडे वळली. मी तिच्याकडे कागद मागितले होते, तारीख विचारली होती, म्हाताऱ्याचं पांघरूण काढायला सांगितलं होतं. आणि आता तीच मला विचारत होती, परीक्षा दिलेल्या पोरीसारखी.

"मले काही येत नाही न ताई, म्हनून इचारतो. बरोबर म्हटली काय मी? चुकलं असन तं सांगा. त्याईले लागली असन काय ते?"

"बरोबर म्हटलंस," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा बरोबर म्हटलंस. काहीच चुकलं नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी लोकांकडे जशी पाहते ना, तसं. मग माझ्यावरची नजर काढून तिनं मावशींना विचारलं, "खरं सांगते काय हे ताई?"